दुसऱ्या खेळाडूचं हँडल

१

पहिली पाळी सुटली की मी कुठे रेंगाळत नसे. सायकल काढायची, बोईसरच्या बाजारात भाजी घ्यायची आणि तारापूरचा रस्ता धरायचा. घरी आलं की हातपाय धुवायचे, शेजारची हिरा भात-कालवण करून ठेवायची ते गरम करायचं, आणि ताट घेऊन वत्सलासमोर मांडी घालून बसायचं. मग काटे काढून एकेक घास तिला भरवायचा. ती तोंड उघडायची, पण माझ्याकडे बघायची नाही.

वत्सला माझी बायको. उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा तिला चाळिशीसुद्धा लागली नव्हती. वलांडीवर बोंबील सुकत घालत होती. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी वलांडीच्या आडव्या बांबूवर टाकायची, हे काम तिच्याइतकं झरझर आमच्या आळीत कुणाला जमत नसे. एक जोडी हातातून पडली, ती उचलायला वाकली आणि तिथेच आडवी झाली. बोलणं परत आलं, पायही फरफटत का होईना चालू लागला. उजवा हात मात्र आला नाही. डाव्याने जेवायला तिला येत होतं, पण जेवायची नाही. "डाव्यानं जेवायचं म्हंजे मानूस हाय का कोन मी?" असं म्हणून ताट सारायची.

मागे एकदा भरतीच्या वेळी ती एकटीच खाडीकडे चालत गेली. आळीतला महादू तिथे जाळं शिवत बसला होता, त्याने पाहिलं म्हणून बरं. घरी आणली तेव्हा रडली नाही की ओरडली नाही. म्हणाली, "हात येत नसंल तर मला तरी जाऊ द्या." तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तिचा हात आला पाहिजे, बस्स.

माझं नाव बळवंत. कारखान्यात कंट्रोल पॅनेलची जोडणी आणि दुरुस्ती करतो. बटणं, स्विच, दिवे, तारा, यांच्यात माझा जन्म गेला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही आणि आता बसलाय असंही मी म्हणणार नाही. मीटर लावून बघायचं, पटलं नाही तर परत लावून बघायचं, ही माझी खोड.

२

पालघरचे डॉक्टर म्हणाले होते, "हात अगदीच गेलेला नाही. त्याला कामाला लावा. तिला आवडेल असं काहीतरी द्या." दाबायला रबराचा चेंडू दिला होता. तो वत्सलाने डाव्या हाताने कोंबड्यांच्या अंगावर भिरकावला.

शहाण्णव सालची गोष्ट. असंच पालघरहून परत येताना बोईसर स्टेशनबाहेर रिक्षा मिळेना. वत्सलाला उभं राहवेना, म्हणून तिला नामदेवच्या दुकानात नेऊन बसवली. नामदेव माझा शाळेपासूनचा दोस्त. व्हिडिओ गेमचं दुकान चालवायचा. एरवी तिथे पोरं मधमाश्यांसारखी चिकटलेली असायची, त्या दिवशी दुकानात चिटपाखरू नव्हतं.

"बसा वैनी, बसा," नामदेव म्हणाला. "माश्या मारतोय आता. समद्यांच्या घरी टीव्हीला लावायचे गेम आले. दुकान बंद करून केळव्याला भावाच्या वाडीत जातो."

वत्सला एका पेटीपुढच्या स्टुलावर बसली होती. पडद्यावर दोन टोपीवाली माणसं, मध्ये शिड्या, एकाने दुसऱ्याला ढकलून खाली पाडायचं. तिने उगाच डावा हात हँडलवर ठेवला आणि ढकललं. तिचा टोपीवाला शिडीवरून धप्पकन पडला. वत्सला हसली. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकला की दुकानात दुसरी कुठली बाई आली की काय, म्हणून मी मागे वळून बघितलं.

"पेटी देतोस का ही?" मी विचारलं.

"घेऊन जा की. भंगारात घालनार तर होतो."

पेटी मिळाली, पण तिची हँडलं आणि बटणं पोरांनी बडवून बडवून खिळखिळी केली होती. ती बदलणं भाग होतं. नामदेवने मुंबईहून आणलेल्या सुट्या भागांचा पत्र्याचा डबा आणला आणि जमिनीवर पालथा केला.

"हे बग. ही गोटीवाली, बोटांत धरायची. ही दांड्याची, मुठीत धरायची. आत टिकटिक वाजणारे स्विच हायत, नायतर पत्तीवाले, ते मुके. स्प्रिंग कडक घे, मऊ घे. बटणं फुगीर हायत, खोलगट हायत."

"आजारी हाताला काय बरं पडेल?"

"मला काय इचारतोस? माजी गिऱ्हाइकं बडवायला येतात. वैनींना इचार."

वत्सलाने डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि त्या ढिगावर ठेवला, बाजारात पापलेट चाचपायला ठेवावा तसा. "यालाच इचारा," ती म्हणाली. "काय रे, तुला काय पायजे?"

आम्ही तिघंही हसलो. हातही थोडा घसरला, ढिगातल्या दोन-तीन हँडलांवरून खाली आला. मी त्याच्याखालची गोटीवाली उचलली.

३

पेटी मी पुढच्या खोलीत खिडकीजवळ ठेवली. खुर्चीत बसून खेळता यावं म्हणून तिचे पाय कापले. पुढची फळी नवी केली. डावीकडे पहिल्या खेळाडूचं हँडल आणि दोन बटणं, उजवीकडे दुसऱ्या खेळाडूचं हँडल आणि दोन बटणं. वत्सला मध्ये बसणार, डाव्या हाताने पहिला टोपीवाला चालवणार, उजवा हात दुसऱ्या हँडलवर नुसता ठेवणार. डाव्याला खेळताना बघून उजव्याला कधीतरी ईर्षा होईल, असं माझं गणित. हसू नका. डॉक्टरांनाही सांगितलं, ते म्हणाले, करून बघा.

पहिल्याच दिवशी मी पचका करून घेतला. वीज दिली मात्र, दोन्ही टोपीवाले आपापल्या जागी वेड्यासारखे उड्या मारत सुटले. कुणी हात लावलेला नाही आणि यांच्या उड्या चालूच. वत्सलाने बटण दाबलं की तिचा माणूस शहाण्यासारखा उभा राही, बोट उचललं की पुन्हा उड्या.

"अवो, माजा मानूस हात लावल्यावर गप बसतो!" ती पोट धरून हसत होती. "तुमच्यावर गेलाय!"

चूक माझ्या लक्षात आली. कारखान्यात यंत्र थांबवायच्या बटणाची जोडणी उलटी असते. न दाबता तार जोडलेली, दाबली की तुटलेली. उंदराने तार कुरतडली तरी यंत्र आपोआप थांबावं म्हणून. वर्षानुवर्षं हात तसाच बसलेला, इथेही मी तशीच जोडणी करून ठेवली होती. म्हणजे कुणी हात लावत नाही तेव्हा पेटीला वाटणार की सगळी बटणं कुणीतरी दाबून धरली आहेत. च्यायला, म्हटलं, बळवंता, पोरांच्या खेळण्याचाही कारखाना केलास. पेटीमागचं दार उघडून सगळ्या तारा दुसऱ्या टोकावर घेतल्या, दार लावून कुलूप घातलं.

डावीकडचा टोपीवाला शांत उभा राहिला. उजवीकडचा उड्या मारत राहिला.

एखादी तार बदलायची राहिली असणार. पुन्हा बघितलं. राहिली नव्हती. मीटर लावला तर तो ओरडायला लागला, म्हणजे बटण दाबलेलं. बटण फळीतून काढून हातात घेतलं, मीटर गप्प. परत फळीत बसवलं, मीटर ओरडतो. खाली वाकून बघितलं तर बटणाची टोपी खरंच खाली बसलेली होती. वर काहीही नाही, आणि टोपी खाली. मी नखाने वर उचलली, ती आली आणि वरच राहिली. टोपीवाला थांबला.

स्प्रिंग कमजोर, असं म्हणून मी स्प्रिंग बदलली.

४

वत्सला खेळू लागली. मी कामावर गेलो की हिरा तिला खुर्चीत बसवून द्यायची. मी परत येईपर्यंत ती डाव्या हाताने खेळत असायची, उजवा हात दुसऱ्या हँडलवर पालथा पडलेला. जेवताना बोलायची. काय झालं, कोण पडलं, कुठली शिडी अवघड. मी भरवायचो आणि ऐकायचो. घरात पुन्हा माणूस राहायला आल्यासारखं वाटत होतं.

एका दुपारी आलो तर दुसऱ्या हँडलची गोटी निघालेली. पडलेली नव्हती, फळीवर नीट ठेवलेली होती.

"ही कुणी काढली?"

"मी नाय. एका हातानं निगंल का ती?"

बरोबर होतं तिचं. गोटी काढायची तर पेटीच्या आतून दांडीच्या बुडाला पेचकस लावून धरावा लागतो, नाहीतर गोटीबरोबर दांडीही फिरत राहते. आणि मागच्या दाराच्या कुलुपाची किल्ली माझ्या कमरेच्या करदोट्याला बांधलेली असते. हिराला विचारलं, तर ती उखडलीच. "मला काय त्या गोटीचं लोनचं घालायचं हाय?"

दांड्याचं हँडल बसवलं. ते पुढल्या आठवड्यात वाकलं. लोखंडी दांडी, मी दोन्ही हातांनी जोर लावला तरी सरळ होईना. मऊ स्प्रिंग घातली, ती ताणून ढिली झाली. कडक घातली, तिचं वेटोळं तुटून पेटीच्या तळाशी पडलं. फुगीर बटणांवर ओरखडे उठले. खोलगट लावली, ती मात्र टिकली. नुसती टिकली नाहीत, त्यांच्या खळग्यात तेलकट ओल धरू लागली, सतत कुणाचं बोट टेकलं की धरते तशी. वत्सलाचा हात तर हँडलवर असायचा, बटणावर नाही.

नामदेवकडे जाऊन मी चांगला झापला त्याला. "असला माल विकायचास? म्हणून गिऱ्हाईक पळालं तुझं!"

नामदेवने वाकलेली दांडी हातात घेऊन फिरवून बघितली. "बळवंता, हे मोडलेलं नाय. हे नापसंत केलेलं हाय. गिऱ्हाईक असंच करतं. एक घे, बग, नको. दुसरं घे, बग, नको."

"कोण गिऱ्हाईक?"

"मी कुटं काय म्हनतो?" तो म्हणाला आणि दुसरं हँडल देताना माझ्याकडे बघेना.

५

अणुवीज केंद्राच्या उशाशी राहतो आम्ही, आणि दिवे पहिले आमचेच जातात. त्या दुपारी जेवणानंतर वीज गेली. मी ओट्यावर सायकलचं पंक्चर काढत बसलो होतो. ऊन रणरणत होतं, वाऱ्याला सुकत्या बोंबलाचा वास. पंखा नाही, पंप नाही, रेडिओ नाही. आळी अगदी चिडीचूप.

आतून टिक आवाज आला. मग टिक टिक. थोडं थांबून पुन्हा टिक.

तो आवाज मला ओळखता येणार नाही होय? दिवसभर तेच ऐकतो. लहान स्विच दाबला जातो तेव्हाचा टिक वेगळा, सुटतो तेव्हाचा जरा पातळ. आतून दोन्ही येत होते. डावीकडे, डावीकडे, वर, बटण. मला वाटलं वत्सला उगाच हात चालवते आहे. मी बाहेरूनच हाक मारली, "वत्सला, वीज गेलीय, कशाला दमतेस?"

आवाज चालू.

उठून आत गेलो. वत्सला भिंतीजवळ चटईवर झोपलेली, तोंड उघडं, बारीक घोरत होती. उजवा हात पोटावर. खुर्ची रिकामी. पडदा काळा. मी उंबऱ्यावर पाय ठेवला तेव्हा शेवटचा टिक झाला, तो पातळ होता. म्हणजे सुटल्याचा.

मी स्वतःला समजावलं. पेटी तापलेली, थंड होताना पत्रा वाजतो. वाजतो ना? कारखान्यात टाक्यासुद्धा वाजतात. मागचं दार उघडून बघितलं. तारा, धूळ, एक मेलेलं झुरळ. धुळीवर कसलीही खूण नव्हती. उंदीर निघाला असता तर मी त्याला पेढे भरवले असते.

दुसऱ्या दिवशी बोईसरला जाऊन पत्तीवाले स्विच आणले आणि टिकटिक वाजणारे काढून टाकले. पत्तीवाले मुके असतात. त्याने काही थांबणार नव्हतं, हे मला कळत होतं. पण निदान मला ऐकू तरी येणार नव्हतं.

६

वत्सलाला मी काही सांगितलं नाही. तीच बोलली. मी तिच्या केसांना तेल लावत होतो.

"अवो, आता तोच जिंकतो."

"कोण?"

"उजवीकडचा. आदी नुसता उबा राहायचा. आता वर चडतो, थांबून माजी वाट बगतो, आनि मी आली का ढकलतो." ती खूश होती. "माजा हात शिकला बगा."

"हात हलतो? तुला कळतं हललेलं?"

"नाय कळत. खेलताना हात तिथं नसतोच. हलकं वाटतं. कुनी वजन काडून घेतल्यावानी." मग म्हणाली, "पन हँडल बदला. त्याला हे नाय आवडत."

"त्याला म्हणजे?"

"हाताला, दुसऱ्या कोनाला? लई गार लागतं त्याला."

मी हँडलला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. ती म्हणाली, अजून गार आहे. लोकर गुंडाळली. ती म्हणाली, मऊ आहे पण आत हाड नाही. मी मुकाट्याने लाकडाची दांडी तासून लोकरीच्या आत घातली. माणूस आशेवर काय काय करतो! नवरा म्हणून मी तिच्या हातासाठी दांडी तासत होतो, एवढंच मला बघायचं होतं. दांडी कुणासाठी तासतोय, हा विचार यायला लागला की मी पटाशी जोरात चालवायचो.

ती दांडीही सकाळी फळीवर काढून ठेवलेली होती. लोकर वेगळी, लाकूड वेगळं.

७

नारळी पौर्णिमेची कारखान्याला सुट्टी घेतली होती. सगळी आळी बंदरावर गेली होती, समुद्राला नारळ वाहायला. बँडचा आवाज घरापर्यंत येत होता. वत्सलाला गर्दीत यायचं नव्हतं. मी नारळ वाहिला, तिचा हात दे म्हटलं, आणि हिराने दिलेला नारळीभात घेऊन लवकर परत फिरलो. उन्हं चांगली वर होती.

दारातून वत्सला पाठमोरी दिसली, खुर्चीत. पडद्यावर दोन्ही टोपीवाले नुसते पळत होते, शिड्या चढत होते. डाव्या हँडलवर तिचा डावा हात. आणि उजव्या हँडलवर उजवा. हलणारा. चांगला हलणारा! बोटं झरझर चालत होती, जबड्यात जबडा अडकवताना चालायची तशी. अंगठा हँडलवर टेकलेला, दोन बोटं बटणांवर पडत होती, उठत होती.

माझ्या हातातला डबा पडायचा राहिला. आला! देवा, आला हिचा हात! मी ओरडणारच होतो, पण तिला दचकवायचं नाही म्हणून हळूच दोन पावलं पुढे गेलो, तिच्या बाजूला, तिचा चेहरा बघायला.

वत्सलाचा उजवा हात तिच्या मांडीवर होता. टॉवेलात गुंडाळलेला, सकाळी मीच गुंडाळून दिला होता तसा.

मी मांडीकडे बघितलं. मग फळीकडे बघितलं. ती बोटं फळीवर होती. मनगट जिथे असायला हवं तिथे फळीची कड होती आणि कडेखाली पेटीचा अंधार. जास्त बघायचं मला धाडस झालं नाही, आणि वेळही मिळाला नाही. वत्सलाला चाहूल लागली, ती वळली, "आलात पन?" म्हणाली. पडद्यावरचा उजवा टोपीवाला उभा राहिला. हँडल एकटंच मध्ये येऊन थोडं डुगडुगलं आणि थांबलं.

"काय बगता असं? भात आनला का?"

मी तिला भात भरवला. माझी नजर त्या हँडलवरून हटेना, निम्मा भात खाली सांडला.

८

मी उजवीकडचं सगळं उखडलं. हँडल, बटणं, तारा, सगळं काढून त्या भोकांवर अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकला. पेटीच फोडणार होतो. हातोडा उचलला तेव्हा वत्सला खुर्चीतून खाली पडली आणि सरपटत येऊन पेटीला बिलगली.

"फोडायचं तर आदी मला फोडा! माजा हात येतोय तर तुमाला बगवत नाय?"

"तो तुझा हात नाही, वत्सला."

"मग कोनाचा हाय?" ती ओरडली. "सांगा ना, कोनाचा?"

मी हातोडा खाली ठेवला.

पत्रा ठोकल्यावर ती खेळायची थांबली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. हिरा म्हणाली, "बलवंत भाऊ, वैनी पानीबी घेत नाय. काय केलंत तुमी?" उजवा हात आधी निदान कोमट असायचा, तो आता थंडगार पडला, नखं काळपट दिसू लागली. पालघरला डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर नेऊन हळू आवाजात सांगितलं, रक्त पोचत नाहीये, असंच राहिलं तर मनगटाच्या वरून काढावा लागेल. परत येताना रिक्षात वत्सला एवढंच म्हणाली, "त्याला येयाला वाट नाय ठेवलीत तुमी."

मी मोठा मीटरवाला माणूस! पण सांगा, मी काय करायला हवं होतं? एकीकडे मी दारातून जे बघितलं ते, आणि तेही खरंच बघितलं की उन्हातून आल्यावर डोळ्यांपुढे आलं, कोण जाणे. दुसरीकडे बायको डोळ्यांसमोर जाते आहे. घरी आल्याबरोबर मी पेचकस घेतला आणि पत्रा काढला.

दिवस अजून कलला नव्हता. बटणं होती ती लावली, खोलगट. हँडलच्या जागी नुसतं भोक राहिलं. डब्यात जे होतं नव्हतं ते एकेक करून सगळं नाकारून झालं होतं. आता काय बसवू? मी वत्सलाला खुर्चीत बसवली, स्वतः तिच्या उजवीकडे जमिनीवर बसलो, आणि त्या भोकाकडे बघत विचार करत राहिलो. विचार करता करता आधारासाठी मी डावा हात फळीवर टेकला होता. भोकाच्या शेजारी.

९

आधी मला टॉवेलाची सळसळ ऐकू आली. वत्सलाच्या मांडीवरून तिचा उजवा हात सरकला. स्वतः सरकला, तिने डाव्याने उचलला नव्हता. फळीवर चढला, भोकापाशी आला, तिथे चाचपडला. मग शेजारी माझा अंगठा होता त्याला लागला.

थांबला. एकेक बोट करून माझ्या अंगठ्याभोवती मिटला.

"अवो!" वत्सला ओरडली. "अवो, मला लागतंय! तुमचा अंगटा लागतोय मला! गरम!" ती हसत होती, रडत होती, तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी चाललं होतं. "आला बगा! माजा हात आला!"

तिचाच हात होता. तिच्या बांगडीचा वण, तिची नखं, बोंबलाचे दात लागून पडलेल्या रेघा, सगळं तिचं. नखांवर बघता बघता रंग चढत होता. मीही रडलो. लाज कसली, ढसाढसा रडलो. इतका सुखाचा क्षण मला आयुष्यात आला नव्हता आणि मी तो पुरता भोगलाही नाही, कारण हाताने माझा अंगठा डावीकडे ढकलला.

मी डावीकडे सरकलो.

अंगठा दुखला म्हणून सरकलो असेन. त्याने अंगठा उजवीकडे केला. माझं अख्खं अंग उजवीकडे गेलं, खांदा पेटीवर आपटला. मला जायचं नव्हतं. मी पाय रोवायचं ठरवलं आणि पाय रोवले गेले नाहीत. हाताने अंगठा वर दाबला. मी उभा राहिलो.

तिची दुसरी बोटं माझ्या मुठीच्या उंचवट्यांवरून फिरत होती. एकेकावर टेकून, जरा दाबून बघत होती. एक दाबलं तेव्हा माझा गुडघा उडाला. हात क्षणभर थांबला आणि त्याने तेच पुन्हा दाबलं.

"वत्सला," मी म्हणायचा प्रयत्न केला. ओठ हलले, आवाज आला नाही.

"किती जोर हाय बगा त्याच्यात!" तिने डावा हात माझ्या हातावर ठेवला, तिघांचं एकत्र व्हावं तसा. चेहरा असा उजळला होता की लग्नातसुद्धा मी तो तसा बघितला नव्हता. "आता वाडा ना मला ताट. कालवन काय केलंय हिरानं? आज मी माज्या हातानं जेवनार."

मला स्वयंपाकघरात जायचं होतं. खरंच जायचं होतं, तिला ताट वाढायचं होतं. हात सुटला, तिच्या मांडीवर जाऊन शांत पडला. फळीवरचं एक खोलगट बटण मात्र कुणी हात न लावता खाली बसलेलं होतं, आणि माझे पाय भिंतीकडे चालत होते.